जुनी मियाटा, नवीन चाकं: आधी टायर ठरवा, मग रिम

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं...’, ‘म्हणजे कसंय ना’ वगैरे काढून टाकलंय. आकडे ऐकताना डोक्यावरून जातात अशी तक्रार येते, म्हणून ते इथे सविस्तर दिलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. जुन्या स्पोर्ट्स कारला बाहेरची चाकं कशी निवडायची, आणि त्यावर टायर कुठल्या साइजचे घालायचे. मी आज सगळ्या गाड्यांबद्दल हवेत बोलणार नाहीये. एकच गाडी घेऊ या, माझ्याकडे असलेली १९९२ची माझदा मियाटा. पहिली पिढी, १.६ लिटरचं इंजिन, झाकता-उघडता येणारे हेडलाइट. पद्धत एकदा कळली की ती तुमच्या गाडीला लावायची. आकडे तेवढे बदलतील.

पण आधी एक किस्सा सांगतो, कारण हा सगळा अभ्यास मी चूक केल्यानंतर केलाय.

आईला ऐकू आलं, मला नाही

गाडी घेतली तेव्हा तिच्यावर मूळची चौदा इंची चाकं होती. मला ती बारकी वाटायची. गाडी कशी ‘भरलेली’ दिसली पाहिजे ना! मग एकाकडून वापरलेली सतरा इंची चाकं घेतली, टायरसकट, चारशे डॉलरला. विकणारा म्हणाला, ‘फोर बाय हंड्रेड आहे, तुझ्या गाडीला बसतील.’ बसली की! नट आवळले, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. शंभर लाइक.

दोन-तीन आठवड्यांनी आई भारतातून आली. तिला घेऊन हायवे ९२ वरून हाफ मून बेला निघालो. तो रस्ता डोंगरातून वळणावळणाचा आहे. मी एकटा असताना कधी काही जाणवलं नव्हतं. आई शेजारी बसली आणि प्रत्येक खोलगट वळणावर मागून ‘खर्रर्र’.

आई म्हणाली, ‘अरे, मागून काहीतरी घासतंय बघ.’

मी म्हणालो, ‘काही नाही गं आई, रस्ताच तसाय.’

समुद्रावर पोचलो, कणीस खाल्लं, आणि परत निघण्याआधी सहज मागच्या उजव्या चाकाला हात लावून बघितला. टायरच्या खांद्यावर गोल चर पडला होता. फेंडरची आतली धातूची कड तिथे रबर सोलत होती. एका जागी आतले धागे दिसायला लागले होते. त्या टायरवर मी आईला घेऊन ताशी साठ मैलांनी आलो होतो.

त्या दिवशी गाडी टो करून घरी आणली. आई ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून आली. एक शब्द बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं.

तर मुद्दा असा, की चाक ‘बसणं’ आणि चाक ‘चालणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि माझी मूळ चूक ऑफसेटची नव्हतीच. मी आधी रिम आवडलं म्हणून घेतलं आणि टायर जो मिळाला तो स्वीकारला. क्रम उलटा हवा. रस्त्याला टायर टेकतो. रिम फक्त टायरला धरून ठेवतं.

मूळ गाडी काय होती ते बघा

मियाटा फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली. तोशिहिको हिराई हे तिचे मुख्य इंजिनिअर. घोडा आणि स्वार एकच वाटले पाहिजेत, अशी त्यांची कल्पना होती. जपानीत तिला ‘जिंबा इत्ताई’ म्हणतात. गाडीचं वजन साधारण हजार किलो, ताकद अमेरिकन मॉडेलमध्ये ११६ हॉर्सपॉवर, पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं. म्हणजे ही ताकदीची गाडी नाही, हलकेपणाची गाडी आहे.

तिच्या चाकाचे मूळ आकडे असे:

- टायर: १८५/६० आर १४, ८२ एच
- रिम: १४ इंच व्यास, ५.५ इंच रुंदी (१९९४ पासूनच्या १.८ लिटरच्या अलॉयला ६ इंच)
- ऑफसेट: ईटी ४५
- नटांची मांडणी: ४ × १००
- मधलं भोक: ५४.१ मिमी
- स्टडचे आटे: एम १२ × १.५
- हवा: २६ पीएसआय

यातली प्रत्येक ओळ महत्त्वाची आहे. मी यातली फक्त एक ओळ, ४ × १००, बघून चाकं घेतली होती.

टायरवरचे आकडे वाचायचे कसे

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साइडवॉलची उंची, पण मिमीमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. इथे सगळे फसतात. १८५ चे ६० टक्के, म्हणजे १११ मिमी. १४ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिमी, टक्के आणि इंच. हे एपीआय कुणी डिझाइन केलं देव जाणे!

८२ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एक टायर ४७५ किलो पेलू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत चालेल. नवीन टायर घेताना हे दोन्ही मूळपेक्षा कमी नकोत, एवढं लक्षात ठेवा.

आता बाहेरचा व्यास काढू. रिम १४ × २५.४ = ३५५.६ मिमी. त्यात वरची आणि खालची अशी दोन साइडवॉल, २२२ मिमी. बेरीज ५७७.६ मिमी. हा आकडा वहीत लिहून ठेवा. गाडीचा स्पीडोमीटर, गिअरिंग, फेंडरमधली जागा, सगळं या आकड्याभोवती बेतलेलं आहे.

लोक ज्या साइज लावतात त्यांचा हिशोब:

- १९५/५० आर १५: ५७६.० मिमी (०.३ टक्के कमी)
- २०५/५० आर १५: ५८६.० मिमी (१.५ टक्के जास्त)
- १९५/५५ आर १५: ५९५.५ मिमी (३.१ टक्के जास्त)
- २०५/४५ आर १६: ५९०.९ मिमी (२.३ टक्के जास्त)
- २१५/४० आर १७: ६०३.८ मिमी (४.५ टक्के जास्त)

शेवटची साइज माझी होती. साडेचार टक्के म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवतोय तेव्हा गाडी खरं तर ६२.७ मैलांनी चाललीय. शिवाय प्रत्येक गिअर साडेचार टक्के लांब झाला. ११६ हॉर्सपॉवरच्या गाडीत ते लगेच जाणवतं. चढावर दुसरा गिअर मरगळतो. आणि त्रिज्या १३ मिमीने वाढली, म्हणजे टायर फेंडरच्या तेवढा जवळ गेला.

ढोबळ नियम असा, की मूळ व्यासापासून तीन टक्क्यांच्या आत राहा. जितकं जवळ तितकं बरं. आणि चूक करायचीच असेल तर कमी ताकदीच्या गाडीत किंचित लहानाच्या बाजूला करा.

मग १४ च का नाही ठेवायचं?

प्रामाणिक उत्तर देतो. गाडी फक्त रस्त्यावर चालवायची असेल तर १४ उत्तम आहे. मूळ अलॉय साडेपाच किलोच्या आसपास भरतं, खूप हलकं. साइडवॉल उंच असल्यामुळे खड्डे गिळतं. दिसायलाही त्या काळाला शोभतं.

अडचण टायरची आहे. १८५/६० आर १४ मध्ये आता बहुतेक साधे, रोजच्या गाड्यांचे टायर मिळतात. चांगल्या पकडीचे स्पोर्टी टायर कंपन्यांनी हळूहळू मोठ्या साइजकडे नेले. १५ इंचात मात्र निवड आहे, कारण हलक्या गाड्या ट्रॅकवर पळवणारे लोक १५ च वापरतात. २०५/५० आर १५ आणि २२५/४५ आर १५ या त्यांच्या आवडत्या साइज.

आणखी एक पुरावा माझदाचाच. दुसऱ्या पिढीच्या मियाटाला, म्हणजे १९९९ च्या मॉडेलला, कंपनीने काही व्हेरियंटमध्ये १५ × ६ चं रिम आणि १९५/५० आर १५ टायर दिला. पुढे २००१ पासून १६ इंचाला २०५/४५ दिला. दोन्ही पिढ्यांचं सस्पेन्शन मुळात एकाच धाटणीचं. म्हणजे कंपनीनेच तुमचं अर्धं टेस्टिंग करून ठेवलंय. जुन्या गाडीच्या मालकाने आधी हेच शोधावं, की याच गाडीच्या पुढच्या पिढीला किंवा वरच्या व्हेरियंटला कंपनीने काय लावलं होतं?

रिमचा व्यास वाढवायचं दुसरं खरं कारण म्हणजे ब्रेक. मोठ्या डिस्क लावल्या तर १४ इंचाच्या आत कॅलिपर मावत नाही. ते कारण नसेल आणि हव्या त्या प्रतीचा टायर १५ मध्ये मिळत असेल, तर १६-१७ ला जाण्याचं कारण फक्त फोटो. फोटो हे वाईट कारण नाही, पण किंमत माहीत असू द्या.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड?

हा सगळ्यात लाडका गैरसमज. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरतो, चाकावरचं वजन आणि आतली हवा. मियाटाच्या एका चाकावर समजा २५० किलो आहेत आणि हवा २६ पीएसआय. हिशोब केला तर साधारण १३५ चौरस सेंटीमीटर येतात. एका तळहाताएवढी जागा. टायर रुंद केला तरी तेवढ्याच हवेत ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. लांबट होती ती आडवी होते.

आडव्या आकाराचा वळणावर फायदा होतो, उष्णता जास्त चांगली सांभाळली जाते, हे खरंय. म्हणूनच ट्रॅकवाले २२५ घालतात. पण पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. आणि पुढचे टायर जितके रुंद, तितकं स्टिअरिंग जड. काही मियाटांना पॉवर स्टिअरिंग नाहीच, पार्किंग करताना दंड भरून येतात.

माझं मत, रस्त्यासाठी १९५ किंवा २०५. त्याहून रुंद टायर मध्यम प्रतीचा घेण्यापेक्षा त्याच पैशात १९५ चा चांगल्या रबराचा घ्या. पकड आधी रबरात असते, मग रुंदीत.

आणि टायर-रिमची जोडी जुळली पाहिजे. १९५/५० आर १५ साठी रिमची रुंदी ५.५ ते ७ इंच, २०५/५० आर १५ साठी ५.५ ते ७.५. टायर कंपनीच्या तक्त्यात हे असतंच. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची फॅशन आहे. त्यात खड्ड्यात रिमची कड थेट आपटते आणि वळणावर टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. त्या वाटेला जाऊ नका.

ऑफसेट: इथे माझी गाडी घासली

आता नीट ऐका, म्हणजे वाचा. रिम मधोमध उभं कापलं तर एक मध्यरेषा येते. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. ईटी हे जर्मन शब्दाचं लघुरूप. आकडा जितका मोठा, तितकं चाक गाडीच्या आत. आकडा लहान, तर चाक बाहेर.

रुंदी आणि ऑफसेट नेहमी एकत्रच बघायचे. हिशोब सोपा आहे: रिमची अर्धी रुंदी वजा ऑफसेट म्हणजे हबपासून बाहेरची कड, अर्धी रुंदी अधिक ऑफसेट म्हणजे आतली कड.

मूळ चाक ५.५ इंच, ईटी ४५. अर्धी रुंदी ७० मिमी. बाहेर २५, आत ११५.

माझं सतरा इंची ७.५ इंच, ईटी २०. अर्धी रुंदी ९५. बाहेर ७५, आत ११५.

बघितलंत? आतली कड जिथल्या तिथे. वाढलेली सगळी दोन इंच रुंदी, ५० मिमी, बाहेर गेली. त्यात वर टायर १३ मिमीने उंच. एकटा असताना स्प्रिंग तेवढी दबत नव्हती. उजव्या सीटवर माणूस बसल्यावर मागचं उजवं चाक वर आलं आणि फेंडरच्या कडेला भेटलं. गणित दहा मिनिटांचं होतं. मी केलं नव्हतं.

आता १५ × ७, ईटी ३५ घेऊ. अर्धी रुंदी ८९. बाहेर ५४, आत १२४. म्हणजे बाहेर २९ मिमी, आत ९ मिमी वाढलं. मूळ उंचीच्या मियाटात हे १९५/५० किंवा २०५/५० टायरसह बसतं. गाडी खाली केली असेल तर पुन्हा मोजा.

ऑफसेट फार कमी केला तर घासण्यापलीकडेही त्रास आहे. चाक ज्या रेषेभोवती वळतं, तिच्यापासून टायरचा मध्य दूर जातो. मग रस्त्यावरची प्रत्येक भेग स्टिअरिंगला हिसका देते, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. व्हील बेअरिंगवर भार वाढतो. तीस वर्षं जुन्या बेअरिंगवर.

घरी तपासायची पद्धत: चारही चाकं घेण्याआधी शक्य असेल तर एक पुढे, एक मागे लावून बघा. टायरच्या खांद्यावर आणि फेंडरच्या आतल्या कडेवर खडू फासा. शेजारी माणूस बसवा, डिकीत सामान टाका. मोकळ्या जागेत हळू, दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवून, स्पीड ब्रेकरवरून तिरपी गाडी घालून आणा. खडू जिथे पुसला गेला, तिथे घासतंय. रिकाम्या गाडीत पार्किंगमध्ये उभं राहून ‘बोट जातंय ना, बास’ ही चाचणी नव्हे.

फोर बाय हंड्रेड झालं, पुढे?

चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. ही मांडणी होंडा, टोयोटा, सुझुकी, अशा अनेकांच्या लहान गाड्यांना असते. म्हणून चाकं भरपूर मिळतात, आणि म्हणूनच चुकाही होतात.

पहिली चूक मधल्या भोकाची. मियाटाचा हब ५४.१ मिमी. बाहेरची चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठं भोक ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिमी. मधली पोकळी भरायला एक रिंग येते, हब रिंग. चाकाला अचूक मधोमध बसवण्याचं काम तिचं. माझ्या चाकांना ती नव्हती. साठ मैलांना स्टिअरिंग थरथरायचं आणि मी दोनदा बॅलन्सिंग करून आलो, पैसे वाया. रिंगांची किंमत एका जेवणाएवढीही नसते.

दुसरी चूक नटांची. मियाटाच्या नटाचं टोक शंकूसारखं, ६० अंशांचं. होंडाच्या मूळ चाकांत नट टेकायची जागा गोलाकार असते. आटे मात्र दोघांचे तेच, एम १२ × १.५. म्हणजे होंडाचं चाक मियाटाला माझदाच्या नटाने आवळता येतं, घट्टही वाटतं, पण शंकू त्या गोल वाटीत फक्त एका बारीक कडेवर टेकलेला असतो. काही शे मैलांनी तो सैल होतो. चाक निखळण्याचा हा सरळ रस्ता आहे.

नट टॉर्क रेंचनेच आवळा. माझदाची मर्यादा ८८ ते ११८ न्यूटन मीटर. गाडी खाली घेण्याआधी समोरासमोरचे नट आलटून पालटून. आणि नवीन चाकं लावल्यावर पन्नास ते शंभर मैलांनी पुन्हा एकदा तपासा. हे मी आता फोनमध्ये रिमाइंडर लावून करतो.

वजन आणि बनावट

माझ्या बाथरूमच्या काट्यावर: मूळ १४ इंची चाक टायरसह साडेबारा किलो. ते सतरा इंची, अठरा किलो. चार चाकांचे मिळून बावीस किलो वाढले. बावीस किलोची बॅग डिकीत ठेवली असती तर एवढं जाणवलं नसतं. पण चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, खड्ड्यावर तेच उडतं आणि सस्पेन्शनला तेच आवरावं लागतं. शिवाय ते फिरवावंही लागतं आणि थांबवावंही लागतं. हजार किलोच्या गाडीचा हलकेपणा मी पैसे देऊन घालवला होता.

ओतीव अलॉय स्वस्त आणि जड. फ्लो फॉर्म केलेलं मधलं. फोर्ज्ड हलकं, मजबूत आणि महाग. नामांकित चाकांची हुबेहूब नक्कल करणारी स्वस्त चाकं मिळतात. त्यात दिसणं उचललेलं असतं, धातू नाही. आतल्या बाजूला जपानी ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ हे चाचणीचे शिक्के बघा. वापरलेलं चाक घेताना टायर उतरवून आतला पिंप बघा. वेल्डिंगची खूण, बारीक भेग दिसली तर नको. बॅलन्सिंग मशीनवर फिरवून डगमगतं का बघा.

टायरचं वय

जुनी स्पोर्ट्स कार कमी चालते. त्यामुळे टायरची नक्षी छान असते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. साइडवॉलवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अनेक कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. बऱ्याच टायर कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं म्हणतात.

२०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात गेला, त्या गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते, असं तपासात नोंदलंय. मुख्य कारण अतिवेग होतं, गाडी तो चालवतही नव्हता. पण त्या प्रतीच्या गाडीवर तसे टायर असू शकतात, तर आपल्या गॅरेजमध्ये का नाही? वापरलेली चाकं ‘टायरसकट’ मिळतायत याला मी आता फायदा समजत नाही. टायर शून्य किमतीचे धरायचे.

तुमचे प्रश्न

एका श्रोत्याने पुण्याहून विचारलंय: ‘माझ्याकडे जुनी फियाट पॅलिओ १.६ आहे. तिचं ४ × ९८ आहे. ४ × १०० ची चाकं भरपूर मिळतात, दोनच मिलिमीटरचा फरक आहे, चालतील का?’

नाही दादा. दोन मिमी व्यासात, म्हणजे प्रत्येक बोल्ट एक मिमीने वाकडा आवळला जाणार. तो टेकेल, पण नीट बसणार नाही. एक तर ४ × ९८ चंच चाक शोधा, किंवा याचसाठी बनवलेले हलत्या शंकूचे बोल्ट चांगल्या कंपनीचे घ्या आणि मधलं भोक फियाटच्या ५८.१ मिमीला रिंगने जुळवा. भारतात आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलच्या कुठल्या तरी व्हेरियंटला दिलेली साइज निवडणं सगळ्यात निर्धोक. विम्याच्या वेळी वाद नको.

दुसरा प्रश्न: ‘चाक आत घासतंय, स्पेसर लावू का?’

पाच मिमीचा स्पेसर म्हणजे ऑफसेट पाचने कमी. गणित तेच. पण नटाला आटे तेवढे कमी मिळतात. साधा नियम म्हणजे स्टडच्या जाडीएवढे तरी आटे पकडले गेले पाहिजेत. १२ मिमीचा स्टड, दीड मिमीचा आटा, म्हणजे नट हाताने निदान आठ फेरे फिरला पाहिजे. सहाला थांबला तर लांब स्टड बसवा नाहीतर स्पेसर काढा.

तिसरा: ‘मागे रुंद, पुढे अरुंद टायर ठेवले तर?’

पोर्शे ९११ सारख्या, इंजिन मागे असलेल्या गाडीत त्याला कारण आहे, वजनच मागे आहे. मियाटात वजन निम्मं-निम्मं. मागे रुंद केलंत तर वळणावर पुढचं नाक बाहेर जायला लागतं, आणि टायरची अदलाबदलही करता येत नाही. चारही सारखे ठेवा.

तर क्रम असा

आधी गाडी कशासाठी वापरणार ते ठरवा. मग त्या कामाचा चांगला टायर कुठल्या साइजमध्ये खरंच मिळतो ते बघा. व्यास मूळच्या जवळ आहे का, भार आणि वेगाचा निर्देशांक पुरेसा आहे का तपासा. त्या टायरला चालेल अशी रिमची रुंदी घ्या. मग ऑफसेटचं गणित कागदावर. मग नटांची मांडणी, मधलं भोक, नटाचं टोक. मग वजन. आणि सगळ्यात शेवटी रंग-डिझाइन. आवडीला जागा आहे, फक्त ती रांगेत शेवटी उभी राहते.

मी काय केलं? १५ × ७, ईटी ३५, हब रिंग, १९५/५० आर १५. चाक टायरसह चौदा किलोच्या आसपास भरलं. ती सतरा इंची चाकं विकली, पण घेणाऱ्याला सगळे आकडे आणि घासल्याचं सांगून. टायर फाडून टाकले, विकले नाहीत.

यंदा आई पुन्हा आली होती. त्याच रस्त्याने गेलो. मी सगळ्या वळणांवर कान मागे लावून बसलो होतो. आईची तक्रार एकच, ‘ही गाडी फार खाली आहे रे, उतरताना गुडघे दुखतात.’ त्याचा उपाय चाकांत नाही.

तुमच्या गाडीचे आकडे घेऊन बसा, एकदा कागदावर गणित करा, आणि अडलं तर रुंदी, ऑफसेट आणि टायरची साइज, तिन्ही लिहून पाठवा. नुसतं ‘सतरा बसेल का?’ असं विचारू नका. बसेल हो. प्रश्न तो नाहीये.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!